दीड तिकीट

मध्यमवर्गीय मराठी संसारात खर्चाची कात्री चालू झाली की ती सर्वांत आधी कशावर फिरते, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ती दुधावर फिरत नाही, मुलांच्या फीवर फिरत नाही, वर्तमानपत्रावरसुद्धा फिरत नाही. कारण वर्तमानपत्राची निदान रद्दी तरी विकता येते. ती फिरते प्रवासावर. आणि प्रवासातले एक तिकीट कमी करायचे ठरले की ते कोणाचे, याची घरात चर्चाही होत नाही. "एकाने गेले तरी भागेल," असे आपण म्हणतो. मराठी शिकवण्यात माझी वीसेक वर्षे गेली आहेत, म्हणून अधिकाराने सांगते: या वाक्यातला 'एक' नुसता संख्यावाचक नाही. त्याचे लिंग पूर्वीपासून ठरलेले आहे.

बायका प्रवास करीत नाहीत असे माझे म्हणणे नाही. करतात, परंतु त्यांच्या प्रवासाला निमित्त लागते. भाच्याचे लग्न, बहिणीचे बाळंतपण, कोणाच्या तरी दहाव्या-बाराव्याला हजेरी, नाही तर बोललेला नवस. "सहज जाऊन आलो," हे वाक्य पुरुषाने उच्चारावे आणि ऐकणाऱ्याने मान डोलवावी. तेच एखाद्या बाईने म्हणून पाहावे. ऐकणारा क्षणभर थांबतो आणि काळजीच्या सुरात विचारतो, "काही काम होतं का?"

आमच्या प्रवासवाङ्मयातही तेच. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला आणि आजही तो हातात घेतला की खाली ठेववत नाही. पण घरची मंडळी मागे वरसईलाच. उलट, पंडिता रमाबाईंनी अमेरिकेचे प्रवासवृत्त १८८९ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र त्या परदेशी निघाल्या तेव्हा आईबाप, भाऊ आणि नवरा ही सगळी माणसे काळाने ओढून नेली होती. परवानगी विचारायला घरात कोणी उरलेच नव्हते. नवरा-बायको दोघे मिळून, काही काम नसताना, खिशाला झेपेल असे चार डोंगर पाहून आले, असे पुस्तक जुन्या मराठीत शोधू लागले तर हाताला फारसे काही लागत नाही.

अशा या परंपरेला १७ मार्च २०२३ रोजी एक बारीकसा धक्का बसला. त्या दिवसापासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना निम्मे भाडे लागू झाले. उरलेल्या निम्म्याची भरपाई सरकारने महामंडळाला द्यायची, अशी ही व्यवस्था. वयाची अट नाही, फॉर्म नाही, दाखला नाही. गाडीत चढायचे आणि गावाचे नाव सांगायचे. आमच्या घरी ही बातमी वाचून यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हिशेब केला, "म्हणजे यापुढे आपण दोघं मिळून दीड माणूस." अर्धे कोण, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. यांना स्वतःच्या अर्ध्या तिकिटासाठी पासष्टी गाठावी लागणार, एवढे मात्र मी त्यांच्या कानावर घातले.

गेल्या वर्षी भाऊबीज उरकल्यावर या दीड तिकिटावर आम्ही तीन दिवसांची सफर केली. नियम तीनच. वाहन एसटीचे, एकूण खर्च तीन हजारांच्या आत, आणि निमित्त कसलेही नाही.

जायचे कुठे, हा प्रश्न दिंडोरीत राहणाऱ्याला पडू नये, तरी पडतो. उष्ण कटिबंधातला डोंगराळ मुलूख पाहायला लोक कर्ज काढून सिंहलद्वीपाला आणि बालीला जातात. तिथे काय पाहतात? दऱ्या, भातखाचरे, सागाची-बांबूची राने आणि वळणावळणाचे रस्ते. हे सगळे आमच्या तालुक्याच्या पश्चिम कडेला सह्याद्रीने फुकट मांडून ठेवले आहे. बाहेरच्यांना दिंडोरी ठाऊक ती द्राक्षांसाठी. फार तर करंजवण, वाघाड, ओझरखेड अशा धरणांसाठी. पण त्या धरणांत पाणी येते ते ज्या डोंगरांतून, त्यांच्याकडे आम्ही गावकरीदेखील पाठच करून बसलेले असतो.

पहिला मुक्काम सप्तशृंगगडावर. दिंडोरीहून वणी, वणीहून नांदुरी आणि तिथून घाटाने वर. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरांचा. टप्पे मोजत तिकीट वाढते. यांना टप्पे मोजण्याचा छंद असल्यामुळे खिडकीबाहेरचे मार्कंड्याचे शिखर त्यांना मीच दाखवले. वर २०१८ पासून रुळांवरून चढणारी ट्रॉली आहे, पण आम्ही पायऱ्या धरल्या. त्या पाचशेच्या आसपास आहेत. पन्नासाव्या पायरीपर्यंत काटकसर हा सद्गुण वाटतो. तीनशेव्या पायरीवर त्याविषयी शंका येऊ लागते.

साडेतीन शक्तिपीठांतले हे अर्धे पीठ. दीड तिकिटावर आलेल्या बाईला या अर्ध्याविषयी आपुलकी वाटली तर नवल नाही. पण अर्धे म्हणावे तर देवीला हात अठरा! २०२२ साली अंगावरचा शेंदराचा जुना थर काढल्यापासून मूर्तीचे मूळ रूप उजेडात आले आहे. देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत आणि देवी इकडून कान देऊन ऐके, अशी कथा आहे. त्या कललेल्या मानेकडे पाहत मी बराच वेळ उभी राहिले. देवस्थानच्या भक्तनिवासात खोली आणि प्रसादालयात जेवण, इतक्या स्वस्तात आणि इतक्या शांतपणे मी फार दिवसांत झोपले नव्हते. सकाळी उठून दुसऱ्या कोणाचा डबा भरायचा नव्हता, हेही त्याचे कारण असेल.

दुसऱ्या दिवशी वणीला उतरून बोरगाव-हतगडची वाट धरली. गाडीत बायकाच अधिक. मांडीवर गाठोडी, पायांशी रिकाम्या पाट्या. वणीच्या बाजारात भाजी विकून परतणाऱ्या एका आजीबाईंनी मला सरकून जागा दिली आणि चौकशी केली.

"कुठं चालल्या?"

"सापुताऱ्याला."

"कोन हाये तिथं?"

"कोणी नाही, आजी. नुसतं बघायला."

आजींनी माझ्याकडे पाहिले, मग शेजारी बसलेल्या यांच्याकडे पाहिले. "नुसतं बघायला जायाचं तरी अर्धंच तिकीट लागतं?"

"अर्धंच."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "आमचं आधी जाताना गाडी आन येताना पाय. डोकीवर वझं नसलं का कशाला पैसा घालावा? आता दोन्ही टाइम गाडीनं."

कंडक्टर तिकिटे फाडत पुढे गेला. या एवढ्या व्यवहारात तो "कुठे?" एवढेच विचारतो. "कशाला?" हे विचारण्याची सोय त्याच्या यंत्रात नाही. मला वाटते, या सवलतीतली खरी किमतीची गोष्ट ती हीच. पैसे पुष्कळ जण देतात, पण कारण विचारल्यावाचून देणारा विरळा.

हा रस्ता म्हणजे पाण्याच्या वाटणीचा रस्ता आहे. आमच्याच तालुक्यात आंबेगावजवळ दमणगंगा उगम पावते आणि पश्चिमेला दमणपाशी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात उगवलेली कादवा मात्र पूर्वेकडे वळून गोदावरीला भेटते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. पलीकडे केमच्या डोंगरातून गिरणा निघून तापीकडे धावते, तर सुरगाणा तालुक्यात कोटंबीजवळ निघालेली अंबिका गुजरातेत उतरते. पावसाचा एक थेंब कड्याच्या अलीकडे पडला की पलीकडे, यावर त्याचे सारे आयुष्य ठरते. खिडकीतून भाताच्या कापण्या दिसत होत्या, नागलीची खळी दिसत होती. महिन्याभरात याच रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीच्या पेट्या मांडल्या जातात.

हतगडचा किल्ला मागे पडला की राज्याची हद्द येते आणि सोबत माझे अर्धेपणही संपते. महिलांची सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच. पुढचे सापुतारा डांग जिल्ह्यात, आणि डांग १ मे १९६० पासून गुजरातेत. पाट्या गुजराती, नकाशा गुजराती. पण तळ्याकाठी मक्याची कणसे भाजणारी बाई आपल्या लेकीशी जे बोलत होती, त्यातले निम्मेअधिक मला दुभाष्यावाचून समजले. कोकणा समाजाची बोली सीमेच्या दोन्ही अंगांना सारखीच नांदते. अर्धे तिकीट हद्दीवर उतरून राहिले. बोली आमच्याबरोबर डोंगर चढून आली. भाषेच्या प्राध्यापिकेला एवढी एक गोष्ट पाहायला मिळाली तरी भाडे वसूल झाले.

सापुताऱ्याला आठवड्याच्या मधल्या वारी जावे. शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात. बुधवारी तेच मालक आपणहून बोलावतात. तिसऱ्या दिवशी आम्ही सुरगाण्यात उतरलो. १९४८ पर्यंत हे एक छोटेसे संस्थान होते. तिथे नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा असे जेवण जेवलो आणि संध्याकाळी दिंडोरीला परतलो.

आता हिशेब; कारण तो सांगितल्याशिवाय काटकसरीच्या सफरीवर कोणी विश्वास ठेवीत नाही. एसटीला पाचशेच्या आसपास, दोन मुक्कामांना दीड हजार, खाण्यापिण्याला सहाशे, आणि देवीची ओटी, मक्याची कणसे, तळ्यातली नाव मिळून दोनशे. एकूण दोन हजार आठशे. माझे तिकीट पूर्ण पडले असते तर दीडशे-पावणेदोनशे रुपये अधिक लागले असते. यांनी वही मिटली आणि म्हटले, "म्हणजे एवढ्याच पैशांसाठी आपण वीस वर्षं कुठं गेलो नाही?"

प्रश्न नेमका होता. पावणेदोनशे रुपयांनी आमचे काही अडले नसते. अडत होते ते सवयीने. आमच्यासारख्या पगारदारांच्या घरी अर्ध्या तिकिटाने पैसे वाचवले नाहीत, सबब काढून घेतली. "दोघांचा खर्च कशाला?" असे म्हणायला आता तोंड उरले नाही. पण त्या आजीबाईंच्या घरी तेच अर्धे तिकीट म्हणजे महिन्याचे तेल-मीठ आहे आणि दर बाजारच्या दिवशी उन्हात तुडवायची वाचलेली वाट आहे. एकाच तिकिटाची ही दोन मोले ध्यानात घेतली पाहिजेत.

काही पुरुष वाचक कुरकुरतील की, पूर्ण भाडे देऊन आम्ही उभे आणि अर्धे देऊन त्या बसलेल्या. गर्दी वाढली, हे खरेच. पण ती कशाने वाढली? ज्या इतकी वर्षे घरात होत्या किंवा रस्त्याने पायी चालत होत्या, त्या गाडीत आल्या. त्यांना मोजायची वेळ आली म्हणून आता जागा अपुरी दिसते.

माझी काळजी वेगळी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान पहिली गाडी धावली. तिथपासून ही लाल गाडी डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत पोचायला कित्येक वर्षे लागली. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संप चालला, तेव्हा अशा गावांना जीपच्या टपावर बसावे लागले किंवा पाय उचलावे लागले. सवलतीची भरपाई सरकारकडून वेळेवर आली नाही, नव्या गाड्या आल्या नाहीत, आणि उत्पन्न कमी म्हणून आडगावची एखादी फेरी बंद झाली, तर त्या गावच्या बाईला तिकीट अर्धे काय आणि पाव काय! जी गाडी येतच नाही, तिचे अर्धे भाडे म्हणजे शून्याचे अर्धे. म्हणून ज्यांना मोटार परवडते त्यांनीही वर्षातून दोन-चार दिवस या गाडीने हिंडावे. सीट भरलेली असली की फेरी टिकते.

तेव्हा वाचक-भगिनींनो, फराळाचे डबे रिकामे झाले की घरातल्या माणसाला हाताशी धरा. पहाटेची गाडी पकडा. डोंगरात उन्हे चढण्याआधी पोचावे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या, पाण्याच्या दोन बाटल्या असू द्या, अंगावर घ्यायला शाल असू द्या. गडावरचा वारा कोणाचे वय विचारीत नाही. मुक्काम देवस्थानात मिळाला तर उत्तम. आणि शेजारणीने विचारलेच, "काही काम होतं का?" तर एखादे कारण शोधत बसू नका. "नाही. बघायला गेलो होतो," असे खुशाल सांगा.