लष्करी अळी सांगून आली होती!

मक्याच्या पोंग्यात आज जी अळी सापडते ना, ती आपल्या मातीतली नाही. अमेरिकन लष्करी अळी! अटलांटिक ओलांडून ती आफ्रिकेत पोचल्याचं २०१६ च्या सुरुवातीला जगाला कळलं. दोन वर्षांत तिनं तिथल्या बहुतेक देशांतला मका पोखरला. मे २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली, त्याच वर्षी महाराष्ट्रात.

म्हणजे हाताशी दोन वर्षं होती. त्या काळात आपल्या शेतकऱ्याला या अळीचं नाव तरी कुणी सांगितलं का?

लगेच कुणीतरी म्हणेल, "पतंग उडत येतो, त्याला पासपोर्ट कोण विचारणार?" अहो, मान्य! हा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. म्हणूनच तर नुसती बंदरावरची तपासणी पुरत नाही. आपल्यानंतर तो श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ, चीनमध्ये दिसला. एका देशानं लपवलं, की शेजारी बुडाला. हा एकट्यादुकट्याचा कारभारच नाही.

आणि आपला कायदा? मूळ कायदा १९१४ चा, इंग्रजांचा. त्याखाली २००३ चा आयातीचा आदेश. कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत आलं. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली, विधेयकही बुडालं. कुणाला हळहळ वाटली?

जगाचंही तेच. आयपीबीईएसचा २०२३ चा अहवाल सांगतो: परक्या आक्रमक जातींबद्दल ८० टक्के देशांनी उद्दिष्टं लिहिली, खास कायदे मात्र फक्त १७ टक्के देशांत. नुकसान? २०१९ मध्ये ४२३ अब्ज डॉलरपेक्षा जास्त. २०३० पर्यंत अशा जातींचा शिरकाव निम्म्यावर आणायचं २०२२ मध्ये माँट्रियलला ठरलं. कागदावर सगळं झकास!

मागणं साधं आहे. शेजारी देशांशी करार करा: नवी कीड दिसली की त्याच आठवड्यात एकमेकांना कळवायचं. इशारा मिळाला की कामगंध सापळे आणि मित्रकीटकांची तयारी कीड यायच्या आधी, नंतर नाही. आणि या सगळ्याला एकच जबाबदार यंत्रणा, नव्या कायद्यासकट.

नाहीतर सरकारं बैठका घेत राहतील आणि औषधाचं, फवारणीच्या मजुरीचं बिल शेतकरीच भरत राहील. पुढच्या सभेत आपल्या खासदाराला विचारा: त्या विधेयकाचं काय झालं?

पटलं तर शेअर करा.