हात खेळाडूचा, जबाबदारी प्रशिक्षकाची

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात, आणि शालेय संघाच्या प्रशिक्षकापुढचे बहुतेक अवघड प्रश्न या एका खेळाडूच्या हाताशी येऊन थांबतात. क्रिकेटमधला गोलंदाज हात सरळ ठेवून फिरवतो. पिचर मात्र कोपर वाकवून हात मागे नेतो आणि क्षणार्धात पुढे झटकतो, त्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूची हाडे जोडून ठेवणारा चिवट अस्थिबंध प्रत्येक फेकीला ताणला जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेचे पुष्कळदा पुरते हाड झालेले नसते, म्हणून हा ताण त्यांना अधिक जाचतो. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हात थकलेला असतानाही नेमाने चेंडू फेकत राहिलेल्या किशोरवयीन पिचरांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता इतरांच्या 36 पट असल्याचे आढळले.

हा प्रश्न जपानमध्ये जितका उघडपणे दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसत असेल. 1915 साली सुरू झालेली तेथील उन्हाळी राष्ट्रीय शालेय स्पर्धा 1924 पासून कोशिएन मैदानावर भरते. जिल्हास्तरावरील विजेत्या शाळाच तेथे पोहोचतात, एका पराभवात संघ बाद होतो, आणि बहुसंख्य मुलांच्या आयुष्यातला तोच शेवटचा मोठा सामना ठरतो. वासेदा विद्यापीठाचे प्रशिक्षक तोबिता सुइशू यांनी प्रत्येक चेंडूत आपला प्राण ओतावा अशी शिकवण दिली आणि खेळाला साधनेचा दर्जा दिला. त्या शिकवणीत शिस्त आणि एकाग्रता यांचे मोल आहेच, परंतु पुढे तिच्याच आधारे वेदना सोसणे हा चारित्र्याचा पुरावा मानला जाऊ लागला. 1998 साली मात्सुझाका दाइसुके याने सतरा डावांच्या एका सामन्यात 250 चेंडू टाकले आणि ती कामगिरी आजही गौरवाने सांगितली जाते. 2018 मध्ये कानाआशी कृषी विद्यालयाच्या योशिदा कोसेई याने एकाच स्पर्धेत 881 चेंडू टाकले. अंतिम सामन्यात, पाच डावांत बारा धावा दिल्यानंतर, त्याला थांबवण्यात आले, आणि समोरच्या ओसाका तोइन संघाकडे मात्र आलटून पालटून वापरता येतील असे एकाहून अधिक पिचर होते.

या पार्श्वभूमीवर 2019 सालच्या जुलैमध्ये इवाते जिल्ह्यात जे घडले त्याकडे पाहावे लागते. ओफुनातो या सरकारी शाळेचा सासाकी रोकी हा त्या वर्षी एप्रिलमध्ये ताशी 163 किलोमीटर वेगाने चेंडू टाकून देशभर गाजला होता. 2011 च्या त्सुनामीत वडील गमावलेल्या या मुलाने नामांकित शाळांचा मार्ग न धरता बालमित्रांबरोबर गावाकडेच खेळायचे ठरवले होते, आणि त्याच्या शाळेने 1984 नंतर कोशिएन पाहिले नव्हते. 21 जुलैला त्याने बारा डावांत 194 चेंडू टाकले, 24 जुलैच्या उपांत्य सामन्यात 129, आणि अंतिम सामना दुसऱ्याच दिवशी होता. प्रशिक्षक कोकुबो योहेई यांनी त्याला त्या सामन्यात खेळवलेच नाही. ओफुनातो हानामाकी हिगाशीकडून 2-12 असा हरला, शाळेत निषेधाचे दूरध्वनी खणखणू लागले, माजी खेळाडू हारिमोतो इसाओ यांनी दूरचित्रवाणीवर टीका केली, तर पिचर दारविश यू यांनी प्रशिक्षकाची बाजू घेतली.

टीकाकारांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद असा होता की, मुलाची खेळायची इच्छा होती, मित्रांचे स्वप्न पणाला लागले होते, मग प्रशिक्षकाने त्यांच्या वतीने निर्णय का घ्यावा? हा युक्तिवाद सहजासहजी झटकून टाकता येत नाही. तरीही सतरा वर्षांचा मुलगा संघासमोर, गावासमोर आणि कॅमेऱ्यासमोर 'हात दुखत नाही' असे म्हणतो तेव्हा त्या उत्तराला संमती म्हणणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही, कारण नकार देण्याची वाट त्याच्यापुढे खुली नसते. ती वाट त्याच्यासाठी उघडणे आणि तिचा दोष स्वतःच्या शिरावर घेणे हे प्रशिक्षकाच्या कामाचे गाभ्याचे अंग आहे. पुढे, एप्रिल 2022 मध्ये, सासाकीने व्यावसायिक सामन्यात 19 फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद करत एकाही प्रतिस्पर्ध्याला बेसवर पोहोचू दिले नाही. पण म्हणून कोकुबो बरोबर ठरले असे म्हणणे चुकीचे होईल. तो मुलगा पुढे कधीच व्यावसायिक झाला नसता, तरी त्या दिवशीचा निर्णय तितकाच योग्य राहिला असता.

नियमांनी मदत होते, पण ते पुरे पडत नाहीत. जपानच्या शालेय महासंघाने 2020 पासून एका पिचरला आठवड्यात 500 चेंडूंची मर्यादा घातली. मात्र प्रत्येकी दीडशे चेंडूंचे तीन सामने आठवड्यात खेळूनही पिचर 450 वरच राहतो, आणि सरावातले चेंडू त्यात मोजलेच जात नाहीत. अमेरिकेतील 'पिच स्मार्ट' ही मार्गदर्शक तत्त्वे अधिक कडक आहेत: 17-18 वर्षांच्या खेळाडूसाठी दिवसाला 105 चेंडू आणि 81 किंवा अधिक चेंडू टाकल्यास चार दिवसांची विश्रांती. त्या मापाने सासाकीचे दोन्ही सामने मर्यादेबाहेर होते आणि त्यांमधली विश्रांतीही अपुरी होती. याच तत्त्वांत पिचरने त्याच सामन्यात कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, होऊ नये असेही सांगितले आहे, कारण कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो. छोट्या शाळांत चांगला हात असलेला एकच मुलगा दोन्ही जागी उभा केला जातो, तेव्हा ही सूचना सर्वांत आधी विसरली जाते.

आकडा ओलांडण्याच्या कितीतरी आधी थकवा शरीरात दिसू लागतो, आणि तो ओळखायला प्रशिक्षकाची नजर धावफलकावरून काढून मुलावर ठेवावी लागते. चेंडू सोडताना कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरू लागते, पुढचे पाऊल आखूड पडते, खाली जायला हवा तो चेंडू वरच राहतो, दोन चेंडूंमधला वेळ वाढतो, मुलगा विनाकारण टोपी सारखी करतो किंवा हात झटकतो. वेग मात्र पुष्कळदा तसाच असतो, कारण पाय आणि कंबर थकल्यावर उरलेले काम हात अंगावर घेतो. म्हणूनच वेग मोजणाऱ्या यंत्रावर विसंबणारा प्रशिक्षक सर्वांत धोक्याच्या क्षणी निर्धास्त असतो.

कोकुबो यांच्या निर्णयाचे समर्थन करतानाही एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. अंतिम सामन्याची सुरुवात त्यांनी त्या स्पर्धेत तोवर चेंडूच न टाकलेल्या मुलाकडे दिली, आणि मोठ्या सामन्याचा पहिला अनुभव त्याने त्या दडपणाखाली घेतला. एका पिचरचे रक्षण करायचे असेल तर दुसरा आणि तिसरा पिचर घडवावा लागतो, आणि हे काम अंतिम सामन्याच्या सकाळी होत नाही. इवाते ज्यात येतो त्याच तोहोकू प्रदेशातील सेंदाई इकुएई शाळेने 2022 मध्ये पाच पिचर आळीपाळीने वापरून उन्हाळी स्पर्धा जिंकली. शतकाहून अधिक काळ तो बहुमान त्या प्रदेशाकडे आला नव्हता. खेळाडू हेरून आणणारी ती खासगी शाळा आहे, आणि तिच्याशी सरकारी शाळेची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तरीही शरद ऋतूतल्या सराव सामन्यांत बळकट हाताच्या क्षेत्ररक्षकांना दोन-दोन डाव चेंडू टाकायला देणे, आणि त्यातल्या एखाद्याने सलग चार धावा दिल्या तरी त्याला ठरलेले डाव पूर्ण करू देणे, एवढे कोणत्याही शाळेला परवडते. त्यासाठी प्रशिक्षकाने ऑक्टोबरमधले काही सामने हरण्याची तयारी ठेवली, म्हणजे झाले.