वीज वाचवा, पण आधी विचारा!

नगरपालिकेची वीज मुख्यतः खातात पाण्याचे पंप आणि रस्त्यावरचे दिवे. बचतीचा आराखडा मात्र ठरतो साहेबांच्या केबिनमध्ये. आयएसओ ५०००१ हे ऊर्जा व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक. त्याच्या २०१८ च्या आवृत्तीतलं कलम ४.२ सांगतं, संबंधितांच्या गरजा, अपेक्षा समजून घ्या. आपल्याकडे संबंधित म्हणजे फक्त ठेकेदार!

कुठला पंप जास्त वीज ओढतो, कुठला व्हॉल्व्ह गळतो, हे पंप ऑपरेटरला विचारलं कुणी? दिवे बंद केले की बिल कमी होतं, मान्य. पण रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईने अंधारात चालायचं? ही बचत नाही, तुमचं ओझं तिच्या डोक्यावर टाकणं आहे.

बिल आमच्याच करातून भरता ना? मग आराखड्याआधी प्रभागात या, लोकांना विचारा. फ्लेक्स नंतर लावा.