आधी उंबर पाहू द्या

भुशीतल्या, लोणावळ्यातल्या आईबाबांनो, जूनमध्ये शाळा उघडते आणि पाठोपाठ धरणावर गर्दी सुरू होते. कणसं-भज्यांच्या गाडीवर दिवस सरतो, मुलांच्या अभ्यासाकडे बघायला सवड उरत नाही. मग मराठीसाठीही गाईड आणून दिलं जातं आणि पोरं त्यातली उत्तरं घोकतात. हे थांबवा, अशी माझी विनंती आहे.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. जेमतेम आठ ओळींची कविता. समीक्षकांनी तिच्यावर पानंच्या पानं लिहिली. कोणाला त्या झाडात विरक्त साधू दिसला, कोणाला उदासी. मुलाला यातला एक अर्थ आयता दिला, की कविता त्याच्यापुरती संपते. खरं तर आपल्या मुलांना हे किती सोपं आहे! ओढा, टेकडी, हिरवी शेतं, पायवाट, डोह हे सारं त्यांनी पाहिलंय. पाण्याकाठचा उंबर, त्याच्या खोडालाच लगडलेली फळं, बुंध्याशी दत्ताच्या पादुका हेही त्यांच्या ओळखीचं. त्यांना विचारा, वाट हिरव्या रानातून जाते, मग पाणी काळं का दाखवलंय? झाड तिथं काय करतंय? प्रतीक तिथून उमगायला लागतं. मुलाचा अर्थ वेगळा निघाला तर निघू द्या. मात्र तो कवितेतल्या कोणत्या शब्दावरून काढला, हे त्याला दाखवता आलं पाहिजे.

गोष्टीतल्या माणसांचंही तसंच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आईचं स्वभावचित्र लिहा म्हटलं, की प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी हे शब्द ठरलेले. पण पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला हीच आई शिंपटीने मारते. प्रेमळ आई असं का करते? आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. घरात गरिबी आहे, मान तेवढा राखायचाय. तिच्या मायेत हा कणखरपणा मिसळलेला आहे आणि तो विशेषणांच्या यादीतून कळत नाही, तिच्या वागण्यातून कळतो. पात्र काय करतं, कोणासाठी करतं आणि त्यासाठी काय सोसतं, एवढं मुलांनी शोधलं तरी पुष्कळ झालं.

परीक्षेची काळजी वाटत असेल, तर लक्षात घ्या, दहावीच्या कृतिपत्रिकेत स्वमत आणि रसग्रहण विचारतात. स्वमत म्हणजे मुलाचं स्वतःचं मत. ते गाईडमधून कसं येईल?

तुमचं शिक्षण कमी झालं असेल, तरी संकोचू नका. आज रात्री जेवताना मुलाकडून एक धडा मोठ्याने वाचून घ्या. मग विचारा, ‘त्या पात्राच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?’ आणि त्याचं उत्तर पुरं होईपर्यंत मधे बोलू नका.