खडक, तलवार आणि भिंत

वाक्प्रचाराच्या जागी वाक्प्रचार ठेवला की अनुवाद झाला, असे भाषांतराच्या वर्गांतून आजही शिकवले जाते. आम्हीही वर्षानुवर्षे तेच शिकवत आलो. आता मात्र हा नियम म्हणजे आळसाला दिलेले सभ्य नाव आहे, असे आमचे मत झाले आहे. परक्या दोन भाषांत पाहिले की आपला दोष अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून उदाहरण तिथलेच घेतो.

इंग्रजीत अडचणीसाठी 'बिट्वीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस' असा प्रयोग आहे : एकीकडे खडक, दुसरीकडे तशीच कठीण जागा. पोर्तुगीज अनुवादकापुढे शब्दकोश लगेच 'तलवार आणि भिंत यांच्यामध्ये' हा तिथला रूढ प्रयोग ठेवतो. ब्राझीलमध्ये 'क्रूस आणि तलवार यांच्यामध्ये' असेही म्हणतात. अर्थ जुळला, प्रकरण मिटले!

खरेच मिटले का? खडक कोणी उगारलेला नसतो. तलवार कोणाच्या तरी हातात असते. मूळ प्रयोगाची १९२१ सालची अमेरिकी नोंद त्याचा अर्थ 'दिवाळे निघणे' असा देते आणि आर्थिक संकटांच्या काळात तो ॲरिझोनात रूढ झाल्याचे सांगते. तिथे शत्रू दिसत नाही, नुसती परिस्थिती आहे. तलवार येताच अडचणीला कर्ता मिळतो. क्रूस आला की धर्मही येतो. हा फरक किरकोळ कसा मानावा?

२००३ साली युटातील एका अरुंद घळीत ॲरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा हात शिळेखाली अडकला. अखेर तो स्वतःच कापून त्याने सुटका करून घेतली. २००४ च्या त्याच्या आत्मकथनाचे शीर्षक हाच वाक्प्रचार आहे. तिथे तलवार आणून काय साधणार?

सर्वत्र शब्दशः भाषांतर करावे, असे आम्ही म्हणत नाही. पेद्रू कारोलिनू यांची १८५५ ची पोर्तुगीज-इंग्रजी संभाषणपुस्तिका अशाच भाषांतरामुळे जगभर हास्यास्पद ठरली. आमचे म्हणणे एवढेच, की अडचण कोणी निर्माण केली हे आधी विचारावे आणि मग म्हण शोधावी.

याच प्रयोगाच्या मराठी अनुवादात एका विद्यार्थिनीने 'इकडे आड, तिकडे विहीर' न लिहिता खडक कायम ठेवला होता. आम्ही तिचे गुण कापले. आडाविहिरीत पडण्याचे भय असते, खडकात चिणले जाण्याचे नव्हे, हे तिला कळले होते; आम्हाला नव्हते.