शुभहस्ते वगैरे

कोलकात्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने या आठवड्यात श्रीरामपूरच्या चर्चचे फोटो पाठवले. नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचं. सोबत शेरा : ‘मामा, तुला पाट्या वाचायचं वेड. ही घे, वाच.’

थोडक्यात माहिती अशी. हे गाव १७५५ पासून डॅनिश लोकांकडे होतं. १८४५ मध्ये त्यांनी ते इंग्रजांना विकून टाकलं. गव्हर्नर ओले बी याने वर्गणी गोळा करून सेंट ओलाव्ह चर्च बांधायला घेतलं. ते १८०६ मध्ये पुरं झालं, पण बी १८०५ मध्येच वारला. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पुढाकाराने डागडुजी होऊन २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

दर्शनी भागावर राजा सातवा ख्रिश्चन याचं मोनोग्राम आहे. मुकुट, त्याखाली अक्षरं, संपलं. हा राजा हिंदुस्थानात कधी आला नाही; त्याचं डोकंही ठिकाणावर नव्हतं. तरी राजाच तो, एवढ्याशा जागेत मावला.

आमच्या प्रभागातला बसथांबा मात्र मावत नाही. त्याला गेल्या महिन्यात नवं पत्र्याचं छप्पर बसलं, लगोलग काळ्या ग्रॅनाइटची कोनशिलाही बसली. शुभहस्ते एक, प्रमुख उपस्थिती दोन, अध्यक्षस्थानी एक, मग सन्माननीय सदस्यांची लग्नपत्रिकेतल्या काका-मामांसारखी रांग. बस कुठे जाते, किती वाजता येते, याबद्दल अक्षर नाही. छपराखाली सावली पडते ती कोनशिलेवर. माणसं उन्हात उभी. पत्रा ठोकणारा कोण, हे विचारायचंच नाही.

इंग्रजांच्या गव्हर्नर-जनरल वेलस्लीसाहेबाचंच घ्या. श्रीरामपूरच्या समोर, पैलतीरी बराकपूरला तो राहायचा. इथल्या देखाव्यात एका मनोऱ्याची तेवढी उणीव आहे, असं तो म्हणाल्याचं सांगतात. चर्चला देणगीही दिली त्याने. म्हणजे देव राहिला बाजूला, साहेबाच्या व्हरांड्यातून दिसायला काहीतरी हवं होतं! आपल्याकडच्या निम्म्या सुशोभीकरणामागे याहून थोर विचार असतो, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं.

आता माझं खरं दुखणं. श्रीरामपूरच्याच मिशनमध्ये राहून मिशनरी विल्यम केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचा. त्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापून निघालं, मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये. केरीचं नाव सगळीकडे आहे, असावंच. पण त्याच्या शेजारी बसून कोणता शब्द कसा वापरतात हे सांगणारे वैजनाथ पंडित? कॉलेजातले ते मुख्य मराठी पंडित. आपल्या छापील गद्याच्या अगदी पहिल्या पानांवर या माणसाची मेहनत आहे. मराठी शाळेत त्यांचं नाव मी कधी ऐकलं नाही, आणि भाच्याने पाठवलेल्या एकाही फोटोत ते दिसलं नाही.

मराठी भाषा गौरव दिनाला दरवर्षी मंडप पडतो, त्या खर्चात एक पाटी सहज बसेल. महाराष्ट्रात बसवा, नाहीतर बंगाल सरकारला विनंती करून तिथे बसवा. नाव एकच लिहा : वैजनाथ पंडित. कोणाच्या हस्ते, ते लिहू नका.