भाकरीचा चोथा

दुपारच्या सुटींत डबे उघडले कीं एक देखावा नेहमीं दृष्टीस पडतो. आंबेगांवच्या पश्चिम डोंगरपट्ट्यांतून आलेला मुलगा नाचणीची काळसर भाकरी झांकून खातो, आणि शेजारचा मैद्याचीं बिस्किटें दिमाखानें खातो. लाज येथें भलत्याच पदरीं पडली आहे, असें माझें मत आहे.

धान्याच्या सालींत जो चोथा असतो, तो मनुष्याच्या कोणत्याहि पाचक रसाला फोडतां येत नाहीं. म्हणून पूर्वीं त्यास निरुपयोगी समजत. पुढें १९७० नंतरच्या दशकांत डेनिस बर्किट या शस्त्रवैद्यानें युगांडांतील आपल्या अनुभवावरून त्याकडे जगाचें लक्ष वेधलें. भरपूर चोथा खाणाऱ्या लोकांत आंतड्याचे कित्येक रोग विरळा आढळतात, असें त्याचें म्हणणें होतें.

न पचणारी वस्तु उपयोगी कशी? मैद्यांतील पिष्ट उघडें पडलेलें असतें. लाळ व स्वादुपिंडाचा रस यांतील एन्झाइमें त्यावर तुटून पडतात, आणि रक्तांतील साखर झपाट्यानें चढते. भरड धान्यांत तेंच पिष्ट चोथ्याच्या जाळ्यांत गुंतलेलें असतें. मेथी व कडधान्यें यांतील विरघळणारा चोथा तर पोटांत बुळबुळीत होऊन एन्झाइमांची वाट अडवितो, व साखर सावकाश शोषली जाते. उरलेला चोथा मोठ्या आंतड्यांतील सूक्ष्म जंतु आंबवितात. त्यांतून निघणारीं आम्लें आंतड्याच्या अस्तरास पोसतात. शंभर ग्रॅम नाचणींत किंवा बाजरींत सुमारें ११ ग्रॅम चोथा असतो. सडीक तांदळांत व मैद्यांत ३ ग्रॅमहि नसतो. डिंभे धरणाच्या व कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर आपल्या दोन्ही तालुक्यांत ऊस, कांदा, टोमॅटो आले, घरांत पैसा आला. त्याबद्दल तक्रार नाहीं. भाकरी मात्र ताटांतून हलूं नये.

आतां चोथ्याची नुसती आरती ओवाळणाऱ्यांनाहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. धान्याच्या सालींत चोथ्याच्या सोबतीस फायटिक आम्ल असतें, नाचणींत टॅनिनहि असतें. हीं द्रव्यें लोह, जस्त व कॅल्शियम यांना पोटांत धरून ठेवितात. नाचणींत शंभर ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें खरें, पण तें सगळें अंगीं लागत नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. तेव्हां ही गोष्ट हंसण्यावारीं नेण्याजोगी नाहीं, आणि चमच्यानें कच्चा कोंडा खाण्याचें नवें वेड तर मुळींच अनुकरणीय नाहीं.

यावरचा उपाय आमच्या आज्यांच्या हातीं होता. नाचणी भिजवून तिला मोड आणले कीं दाण्यांतलेंच फायटेज नांवाचें एन्झाइम जागें होऊन फायटिक आम्ल फोडूं लागतें. रात्रभर आंबविलेल्या आंबिलींतहि तें कमी होतें. भाकरीसोबत लिंबाची फोड किंवा आवळा असावा, म्हणजे लोह अधिक शोषलें जातें. चहा मात्र जेवणानंतर तासाभरानें घ्यावा. त्यांतील टॅनिन केलेल्या कामावर पाणी फिरवितें.

यंदाच्या स्नेहसंमेलनांत शंकरपाळ्यांऐवजीं मोड आणलेल्या नाचणीचे लाडू ठेवावे, अशी माझी सूचना आहे. खर्च फारसा वाढणार नाहीं. मात्र भिजविणें, मोड आणणें, वाळविणें व दळणें यांसाठीं चार दिवस आधीं कामाला लागावें लागेल.